कुद्रेमुख : सह्यशिखरावरील ओसाड नगरी

कोंकणांतील माणसास बंद दाराचें नवल नाहीं. आमच्या सावंतवाडीच्या आसमंतांतील कोणत्याही वाडींत जावें, कांहीं घरांच्या कड्यांस कुलुपें लटकलेलीं दिसतातच. धनी मुंबईस, मुलें पुण्यास, एखादा नातू सातां समुद्रांपलीकडे. तथापि त्या कुलपाची किल्ली कोणाच्या तरी कपाटांत जपून ठेवलेली असते. भाद्रपद जवळ आला कीं ती बाहेर निघते, ओटा झाडूनसारवून लख्ख होतो, माटवी बांधली जाते, आणि वर्षभर मुकें असलेलें घर आरत्यांनीं दुमदुमून जातें. म्हणून अशा घरास आम्हांस ओसाड म्हणवत नाहीं. आज ज्या नगरीची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों, तिच्याही घरांचीं दारें बंद आहेत. पण त्यांच्या किल्ल्या कोणाच्याच कपाटांत नाहींत. ही नगरी परदेशांतली नव्हे. आपल्याच सह्याद्रीच्या पाठीवर, कोंकणपट्टीनें दक्षिणेकडे गेलें असतां मंगळूराच्या वरच्या अंगास ती आहे. तिचें नांव कुद्रेमुख.

कानडी भाषेंत ‘कुदुरे’ म्हणजे घोडा. ‘मुख’ हा शब्द तर आपल्याच घरचा. कर्नाटकांतील चिकमगळूर जिल्ह्यांत या नांवाचें शिखर समुद्रसपाटीपासून सुमारें १,८९० मीटर, म्हणजे सहा हजार दोनशें फूट उंच आहे. एका बाजूनें पाहिलें असतां त्याची आकृति घोड्याच्या तोंडासारखी दिसते, म्हणून हें नांव. संस्कृतांत किन्नरांस ‘अश्वमुख’ अशी संज्ञा आहे आणि किन्नरांची वस्ती कवींनीं नेहमीं पर्वतांवरच कल्पिली आहे. तेव्हां नांव ठेवणाऱ्यानें नकळत मोठें औचित्य साधलें असें म्हणावेंसें वाटतें. आमची आंबोली सुमारें सातशें मीटरांवर आहे. हें शिखर तिच्या पावणेतीनपट उंच. पाऊस मात्र आंबोलीच्याच तोडीचा, वर्षाकाठीं सुमारें सात हजार मिलिमीटर.

इतका पाऊस पडूनही हे डोंगर वाहून कां गेले नाहींत, याचें उत्तर त्यांच्या अंगावरील वस्त्रांत आहे. माथ्यावर आणि उतारांवर दाट गवत, आणि डोंगरांच्या कुशींत, घळींत, जेथें वारा लागत नाहीं तेथें सदाहरित झाडांचीं गर्द बनें. या बनांस दक्षिणेंत ‘शोला’ म्हणतात. गवत व शोला मिळून पावसाचें पाणी स्पंजाप्रमाणें धरून ठेवितात आणि वर्षभर थोडें थोडें सोडतात. याच डोंगररांगेंत गंगामूळ नांवाचें स्थान आहे. त्यास वराहपर्वत असेंही म्हणतात, व तेथें गुहेंत वराहाची मूर्ति आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्यांचा उगम येथचाच. तुंगा शृंगेरीच्या शारदापीठाचे पाय धुऊन पुढें जाते. शिमोग्याजवळ कूडली येथें तिचा भद्रेशीं संगम होऊन तुंगभद्रा होते आणि अखेर ती आपल्या कृष्णामाईस मिळते. नेत्रावती पश्चिमेस वळून मंगळूरापाशीं समुद्रास भेटते. ‘गंगास्नान, तुंगापान’ ही म्हण त्या प्रांतांत आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. स्नान करावें गंगेचें, पाणी प्यावें तुंगेचें!

अशा या जलदात्या पर्वताच्या पोटांत लोखंड आहे, ही गोष्ट १९१३ सालीं उघड झाली. म्हैसूर संस्थानच्या भूगर्भखात्यांतील संपत अय्यंगार या शास्त्रज्ञानें हा साठा शोधून काढला. पण तें लोखंड हलक्या प्रतीचें. दगडांत लोखंडाचा अंश शेकडा चाळीसाच्याही आंत. शिवाय जागा दुर्गम, रस्ता नाहीं, आणि वर्षांतील चार महिने धो धो पाऊस. त्यामुळें पन्नासाहून अधिक वर्षें तें तसेंच पडून राहिलें. पुढें १९६९ च्या जुलै महिन्यांत तीस वर्षांच्या मुदतीचा खाणपट्टा झाला. ही तीस वर्षांची मुदत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व कथेचें बीज तींत आहे.

१९७५ च्या नोव्हेंबरांत इराणशीं करार झाला. इराणच्या शहानें ६३ कोटि डॉलर कर्जाऊ द्यावे आणि त्याच्या मोबदल्यांत २१ वर्षांत १५ कोटि टन शुद्ध केलेलें खनिज घ्यावें, असा तो व्यवहार होता. २ एप्रिल १९७६ रोजीं भारत सरकारची कुद्रेमुख लोहखनिज कंपनी स्थापन झाली. निर्जन डोंगरांत मल्लेश्वर या ठिकाणीं एक नगरी उभी राहिली. रस्ते, विजेचे दिवे, अधिकाऱ्यांचे बंगले, कामगारांच्या चाळी, शाळा, इस्पितळ, बाजार, क्रीडांगण, कशाचीही उणीव नव्हती. इतक्यांत १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली. शहा पदच्युत झाला. साडेपंचवीस कोटि डॉलर दिल्यावर पुढील पैसा थांबला आणि माल घेणारेंच गिऱ्हाईक नाहींसें झालें. तरीही आपल्या एंजिनीयरांनीं काम सोडलें नाहीं. १९८० सालीं कारखाना ठरल्या वेळीं पुरा झाला. दुसरीं गिऱ्हाइकें शोधण्यांत आलीं, आणि १९८७ सालीं मंगळूरास खनिजाच्या भुकटीच्या गोळ्या करण्याचा कारखानाही निघाला. त्या लोकांच्या कर्तबगारीविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. नगरी ओस पडली ती त्यांच्या आळसामुळें नव्हे.

कामाची रीतही समजून घेण्याजोगी आहे. येथें भुयारें नव्हतीं. डोंगर वरून पायऱ्यापायऱ्यांनीं कापीत खालीं यावयाचें. कापलेला दगड फोडून, दळून पिठासारखा करावयाचा. मग मोठमोठ्या लोहचुंबकांच्या साहाय्यानें त्यांतील लोखंडाचा अंश निराळा काढावयाचा. अशा रीतीनें शेकडा ६७ लोखंड असलेली काळी भुकटी तयार होई. ती पाण्यांत कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळांतून डोंगरउतारानें थेट मंगळूरच्या बंदराकडे सोडीत. तेथें पाणी गाळून माल जहाजांत भरीत. कारखान्याची शक्ति वर्षास ७५ लक्ष टन भुकटीची होती. त्यासाठीं सव्वादोन कोटि टन दगड लागे. म्हणजे तीन टनांतील एक टन समुद्रापार जाई आणि दोन टन चिखल होऊन मागें राही. त्या चिखलासाठीं लक्या नांवाच्या ओढ्यावर सुमारें शंभर मीटर उंचीचें धरण बांधलें. सामान्यतः धरण पाण्यासाठीं बांधतात. हें गाळासाठीं बांधलेलें. लोखंड गेलें, नगरी गेली, पण तो गाळ आणि तें धरण आजही डोंगरांतच आहे. त्याची राखण पुढच्या पिढ्यांस करावी लागणार.

जें धरणांत मावलें नाहीं किंवा उघड्या पडलेल्या उतारांवरून सुटलें, तें भद्रेंत उतरलें. गवताचें वस्त्र काढून घेतलेल्या डोंगरावर सात हजार मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे काय होतें, हें कोंकणांतील वाचकांस निराळें सांगणें नको. एका पावसांत आपल्या कुळागराचा बांध फुटला तरी खालच्या विहिरीचें पाणी महिनाभर गढूळ राहतें. येथें तर डोंगरच उघडा पडला होता. दुसरीकडे या अरण्याचें मोलही लोकांस कळूं लागलें होतें. सिंहपुच्छ वानर हा जगांत केवळ दक्षिण सह्याद्रींत आढळणारा प्राणी. १९८३-८४ च्या सुमारास डॉ. उल्हास कारंत यांनीं त्याचा येथें अभ्यास केला. १९८७ सालीं या ६०० चौरस किलोमीटर मुलखास राष्ट्रीय उद्यान करण्याचें जाहीर झालें. एकाच डोंगरांत उद्यानही आणि खाणही, असा हा विचित्र संसार अठरा वर्षें चालला.

१९९९ च्या जुलैंत खाणपट्ट्याचीं तीस वर्षें भरलीं. कंपनीनें मुदतवाढ मागितली. आरंभीं तात्पुरती परवानगी मिळाली. तेव्हां के. एम. चिन्नप्पा या निवृत्त वनाधिकाऱ्यानें सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. नागरहोळ्याच्या अरण्यांत त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें वन्य प्राण्यांच्या रक्षणांत घालविलीं होतीं. ३० ऑक्टोबर २००२ रोजीं निकाल झाला. अगोदर फोडलेल्या जागेंतील काम २००५ च्या अखेरपर्यंत पुरें करावें, पुढें खाण बंद, असा तो निकाल होता. त्याप्रमाणें ३१ डिसेंबर २००५ रोजीं खाण थांबली.

आणि नगरी रिकामी झाली. माणसें कोणी मंगळूरास, कोणी बंगळूरास, कोणी आपापल्या मूळ गांवीं गेलीं. आज तेथें रखवालीपुरते आणि किरकोळ कामापुरते लोक राहतात. बाकी ओळींच्या ओळी रिकाम्या. छपरें गळतात, भिंतींवर शेवाळ चढतें, अंगणांत रान माजतें. कंपनी मात्र जिवंत आहे. दुसरीकडील खनिज आणून तिनें आपला मंगळूरचा गोळ्यांचा कारखाना चालविला. म्हणजे कंपनी राहिली, डोंगर बंद झाला आणि मधल्या मधें गांव तेवढें नाहींसें झालें.

येथें विचारी वाचकांच्या मनांत प्रश्न येईल कीं, पंचवीस वर्षें नांदती राहिलेली नगरी अशी हां हां म्हणतां कशी विरघळली? आमच्या मतें उत्तर असें कीं, ती नगरी होती, गांव नव्हतें. गांव आणि वसाहत यांत जो भेद आहे, तो आपल्या पूर्वजांस चांगला कळत होता. गांवास शींव असते, ग्रामदेवता असते, पांढरी आणि काळी असते. तेथें माणसाचें घर स्वतःचें असतें, मग तें चंद्रमौळी कां असेना. वसाहतींत सर्व सुखसोयी असतात. नसते ती मालकी. घर कंपनीचें, दिवा कंपनीचा, पाणी कंपनीचें. नोकरी संपली कीं घराची किल्ली परत करावयाची. ज्यानें तेथें उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्यास म्हातारपण तेथें काढण्याचा अधिकार नव्हता. मुलें तेथें जन्मलीं, तेथील शाळेंत शिकलीं, पावसांत भिजत मोठीं झालीं. आज त्यांस कोणी ‘तुमचें गांव कोणतें?’ असें विचारलें तर तीं काय सांगत असतील? आम्हीं सारा जन्म शाळेंत घालविला, म्हणून हा प्रश्न आम्हांस अधिक बोंचतो. शाळेचें वय तिच्या इमारतीवरून मोजीत नाहींत. माजी विद्यार्थी आपल्या मुलाचा हात धरून तिच्या दारांत येतो, त्यावरून मोजतात. कुद्रेमुखच्या शाळेच्या नशिबीं तो दिवस फारसा आलाच नाहीं.

हा भेद कळण्यासाठीं आणखी दोन ठिकाणांकडे पाहावें. पहिलें कर्नाटकांतीलच कोलारच्या सोन्याच्या खाणींचें गांव. तेथें १८८० सालापासून इंग्रज कंपनीनें खाणी चालविल्या. खोली तीन किलोमीटरांच्याही खालीं गेली. १९०२ सालीं शिवसमुद्रमच्या धबधब्याची वीज तेथें पोंचली. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं त्या खाणी बंद झाल्या. परंतु गांव ओस पडलें नाहीं. चार-पांच पिढ्या तेथें राबल्या होत्या. पूर्वजांचीं स्मशानें, देवळें, चर्चें तेथेंच होतीं. म्हणून हजारों लोक आजही पहांटेच्या गाडीनें बंगळूरास मजुरी-नोकरीस जातात आणि रात्रीं पुनः त्याच घरीं निजावयास येतात. दुसरें ठिकाण दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाचें सेवेल. अँडीज पर्वतांत दोन हजार मीटरांहून उंच, तांब्याच्या खाणीसाठीं १९०५ सालीं वसविलेलें हें नगर. उतार इतका कीं रस्त्यांऐवजीं जिने. भरभराटीच्या काळीं तेथें पंधरा हजार वस्ती होती. पुढें कंपनीनें लोकांस खालच्या शहरांत नेलें आणि नगर रिकामें झालें, खाण मात्र चालूच राहिली. २००६ सालीं त्या रिकाम्या नगरास जागतिक वारशाचा मान मिळाला. मान मिळाला खरा. पण मानानें चूल पेटत नाहीं.

तिसरें उदाहरण तर कुद्रेमुखच्याच रानांत आहे. तेथें मलेकुडिया नांवाचे वनवासी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. उद्यान झालें तेव्हां त्यांसही बाहेर जाण्यास सांगण्यांत आलें. कांहीं कुटुंबें मोबदला घेऊन गेलीं. पुष्कळांनीं मात्र निकरानें विरोध केला. ज्यांस पक्कीं घरें, पगार व विजेचे दिवे होते, ते एका निकालासरशीं निघून गेले. ज्यांच्यापाशीं यांतलें फारसें कांहींच नव्हतें, ते हलण्यास तयार होईनात. माणसास जागेशीं बांधणारा दोर सोयींचा नसतो, हें याहून स्पष्ट कोण सांगूं शकेल?

आतां वाचक म्हणतील, दूरच्या कानडी डोंगराची कथा आम्हांस कशाला? कथा दूरची नाहीं म्हणूनच सांगितली. आपल्या किनाऱ्यावर रेडी येथें लोहखनिजाच्या खाणी आहेत. १९७६ सालीं, म्हणजे कुद्रेमुखची कंपनी निघाली त्याच वर्षीं, रेडीच्या खाणीच्या परिसरांत मातींतून द्विभुज गणपतीची भव्य मूर्ति निघाली, हें आपण सारे जाणतों. तिच्या दर्शनास आपल्यापैकीं अनेकजण जाऊन आले असतील. दोडामार्ग तालुक्यांतील कळणें येथें खाणीविरुद्ध गांवकऱ्यांनीं केलेलें आंदोलन ताज्या आठवणींतील आहे. आणि २०२१ च्या जुलैंत तेथें खाणीचा बांध फुटून चिखलाचे लोट घरांत व बागायतींत शिरले, तेंही विस्मरणांत गेलेलें नाहीं. २०११ सालीं डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सह्याद्रीच्या अतिसंवेदनशील भागांत नव्या खाणींस परवानगी देऊं नये, असें सुचविलें. शेजारच्या गोमंतकांत २०१२ सालीं व पुनः २०१८ सालीं खाणी एकाएकीं थांबल्या, तेव्हां कर्ज काढून ट्रक आणि बार्जी घेतलेल्या कुटुंबांवर काय प्रसंग ओढवला, हें आपल्या सोयऱ्याधायऱ्यांकडून आपण ऐकलेंच आहे.

आम्ही लोखंडाचे वैरी नाहीं. ज्या कोंकण रेल्वेनें आपलीं मुलें घरीं येतात तिचे रूळ लोखंडाचेच आहेत, आणि तें कोठल्या तरी डोंगरांतूनच निघालें आहे. खाणीच्या मजुरीवर कितीएक गरीब घरांच्या चुली पेटल्या, मुलींचीं लग्नें झालीं, मुलें शिकलीं. नोकरीसाठीं तळमळणाऱ्या तरुणास ‘डोंगर वांचवा’ असें पोट भरलेल्या माणसानें सांगणें शोभत नाहीं, हेंही आम्ही मान्य करितों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, डोंगर लोखंड एकदांच देतो, पाणी दर वर्षीं देतो. आणि हा हिशेब मांडतांना दोन्ही बाजू कागदावर याव्या.

आपल्याकडे जमिनी बहुधा सामाईक. सात-बाराच्या उताऱ्यावर दहा-पंधरा नांवें असतात. अर्धीं मुंबईस, कांहीं स्वर्गस्थ. खाणवाल्याचा मनुष्य येतो, तो प्रथम गांवांतील एखाद्या हिस्सेदारास गांठतो, मग फोनवरून दुसऱ्यास, तिसऱ्यास. ‘नुसता कातळ आहे, तेथें काय पिकतें?’ हें वाक्य अशा वेळीं हमखास ऐकूं येतें. घरांतील वडील मंडळींनीं सही करण्यापूर्वीं सर्व भाऊबंदांस, आणि विशेषतः घरांतील स्त्रियांस, एकत्र बसवून चार प्रश्न विचारावे. पाणी कोठून येतें हें घरांतील स्त्रियांस पुरुषांहून अधिक ठाऊक असतें. खाणपट्ट्याची मुदत किती वर्षांची, आणि ती संपेल तेव्हां आपला नातू किती वर्षांचा असेल? तीन टनांतील जे दोन टन मागें राहतील, ते कोणाच्या माथ्यावर राहतील? खालच्या वाडीच्या विहिरीचा झरा कोणत्या डोंगरांतून येतो? आणि खाण बंद झाल्यावर येथें राहणाऱ्याचें घर कोणाच्या मालकीचें असेल? या चारही प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळालीं तर मग खुशाल व्यवहार करावा. न मिळालीं तर कातळ कातळच राहूं द्यावा. पहिल्या पावसानंतर तोच कातळ हिरवा होतो आणि त्याच्याच पोटांतून विहिरीस पाणी येतें.

वर्षें लोटतील तसें कुद्रेमुखच्या उतारांवर गवत पुनः चढत जाईल, भद्रेचें पाणी निवळत जाईल. निसर्गास वेळ पुष्कळ आहे. माणसास तितका नसतो. म्हणून ज्या घरीं अजून किल्ली आहे, तिनें भाद्रपदांत उघडणारें दार आहे, आणि त्या दारासमोर आपल्या नांवाचा डोंगर आहे, त्या घरानें आपली ती श्रीमंती ओळखावी, आणि तिचा सौदा करण्याची वेळ आलीच तर तो डोळे उघडे ठेवून करावा.